साइट बंद पडली की पाडली, ते आधी तपासा

सीमाप्रश्नावरची तुमची साइट बेळगावात परवापासून उघडत नाही आणि पोलीस ठाण्यातून 'तो लेख काढा' असा फोनही आला, म्हणता. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

आधी डोमेन (साइटचं नोंदवलेलं नाव) आणि साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत बघा. बऱ्याचदा घोडं तिथंच पेंड खातं. मग जिओ, एअरटेल, बीएसएनएल तिन्हींवर उघडून बघा. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ केल्यावर उघडली, तर अडथळा इंटरनेट कंपनीच्या डीएनएसमध्ये आहे. तरीही 'कनेक्शन रीसेट' येत असेल, तर जोडणीच्या सुरुवातीला उघड जाणारं साइटचं नाव वाचून कंपनी ती तोडत असावी. ऊनी प्रोब (OONI Probe) या साइट अडवली आहे का ते तपासणाऱ्या मोफत अ‍ॅपवर चाचणी घ्या, तारीखवार नोंद राहते. त्याच कंपनीच्या सिमवर हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत चालू आणि इकडे बंद असेल, तर संशय आधी बिघाडाचा घ्या. केंद्राचा आदेश काही हद्द बघून थांबत नाही.

आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली साइट बंद करायचा अधिकार केंद्राचा. राज्याने त्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्यामार्फत फक्त विनंती करायची. या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतल्या नियम ८ प्रमाणे नोटीस आणि उत्तराला किमान ४८ तास मिळायला हवेत, पण ती मजकूरवाल्याला 'किंवा' मध्यस्थाला (म्हणजे होस्टिंगवाल्यासारख्या कंपनीला) द्यायची असते; तुम्हाला न कळता ती तिकडेच गेलेली असू शकते. खरी गोम इथं आहे. म्हणून होस्टिंगवाल्याकडे मेलवर लेखी विचारा. आरटीआयला नियम १६ ची गोपनीयता दाखवून बहुधा नकार येईल. तरी १० रुपये भरून अर्ज कराच. तो लेखी नकार कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिकेला जोडता येतो.

सुप्रीम कोर्टाच्या श्रेया सिंघल निकालाने (२०१५) ६९अ कायम ठेवलं, पण कारणं लेखी हवीत आणि त्यांना रिटमध्ये आव्हान देता येतं, हेही सांगितलं. २०२५ मध्ये एका व्यंगचित्रापायी 'विकटन' या तमिळ नियतकालिकाची अख्खी साइट बंद झाली होती; मद्रास हायकोर्टाने ते पान काढायला लावून बाकीची खुली करवली. एका पानापायी अख्खी साइट बंद ठेवू नये, हा मुद्दा याचिकेत जरूर घ्या. 'सहयोग' या मजकूर काढायच्या सूचना कंपन्यांना पाठवणाऱ्या सरकारी पोर्टलविरुद्ध एक्सची (पूर्वीचं ट्विटर) याचिका कर्नाटक हायकोर्टाने त्याच वर्षी फेटाळली, पण राज्यघटनेच्या कलम १९ चं अभिव्यक्तिस्वातंत्र्य परदेशी कंपनीला मिळत नाही, हे त्यातलं एक कारण होतं. तुम्ही नागरिक आहात.

राहिला फोन. तो आदेश नव्हे. 'साहेब, कलम घालून लेखी पाठवा' एवढंच म्हणा. मध्यस्थाला मजकूर काढायला लावणारी पोलिसांची सूचनाही १५ नोव्हेंबर २०२५ पासून डीआयजीच्या (पोलीस उपमहानिरीक्षक) खालच्या अधिकाऱ्याला काढता येत नाही. लेखाची मूळ प्रत, प्रसिद्धीची वेळ, फोनचा नंबर जपून ठेवा. उद्या भारतीय न्याय संहितेचं भाषिक तेढीचं कलम १९६ लावलं आणि तुम्ही घाबरून लेख उडवलेला असेल, तर त्यात काय होतं याचा पुरावा फक्त तक्रारदाराच्या स्क्रीनशॉटमध्ये उरेल.