बी.ई.नंतर बी.एड.: पदवीचा विषय आधी लेखी विचारून घ्या

संगणक अभियांत्रिकीची पदवी, हिंजवडीत बरीच वर्षे नोकरी, आता ती सोडून बी.एड. करून गणिताचे शिक्षक व्हायचे आहे, सीईटीत गुण चांगले आहेत आणि ‘महाविद्यालय म्हणते की तुमच्या पदवीची काही अडचण नाही’, असे आपण लिहिले आहे. पहिली ते पाचवीसाठी अर्ज करता येईल का आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, कोणता पेपर द्यावा, हे आपले दोन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मी देतेच, परंतु मला राहवले नाही ते महाविद्यालयाच्या त्या एका वाक्यामुळे. मी इलेक्ट्रॉनिक्सची बी.ई. आहे, कारखान्यातील नोकरी सोडून शिक्षकी पेशात आले आहे, आणि प्रवेशाच्या वेळी अगदी हेच वाक्य मलाही ऐकवले गेले होते. पुढे जे निस्तरावे लागले, ते आपल्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी सोपी उत्तरे. पहिली ते पाचवीचा विचार सोडून द्या. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने, नियुक्तीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या अटीवर, बी.एड.धारकांना प्राथमिकसाठी पात्र ठरवले होते. परंतु राजस्थान उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्या वयाच्या मुलांना शिकवण्यासाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, हेच प्रशिक्षण हवे, ही भूमिका मला स्वतःला योग्य वाटते. त्यामुळे आपल्यासाठी टीईटीचा दुसरा पेपर, म्हणजे सहावी ते आठवीचा, आणि त्यात गणित-विज्ञान गट. एकूण १५० गुणांपैकी या गटाचेच ६० असतात, आणि तिथे अभियंत्याला जड जाऊ नये. जे गुण जातात ते बालमानसशास्त्रात आणि भाषांत. प्रमाणपत्र आता आयुष्यभरासाठी ग्राह्य असते, तेव्हा ही परीक्षा लवकर उरकून टाका. नववी-दहावीसाठी टीईटी लागत नाही. शासकीय वा अनुदानित शाळेत यायचे असेल, तर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी मात्र द्यावीच लागते.

आता मुख्य मुद्दा. महाविद्यालय आपल्याला खोटे सांगत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या विनियमांनुसार विज्ञान व गणिताचे विशेषीकरण असलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ टक्के गुणांवर बी.एड.ला प्रवेश मिळू शकतो. अडचण अशी की बी.एड.ला प्रवेश मिळण्याची पात्रता वेगळी आणि शिक्षक म्हणून नियुक्तीला मान्यता मिळण्याची पात्रता वेगळी. महाविद्यालयाचा संबंध पहिल्या पात्रतेशी असतो आणि तिथेच तो संपतो. नियुक्तीच्या वेळी ज्या टेबलासमोर आपली फाइल जाते, तिथे विचारला जाणारा प्रश्न असा असतो: ‘पदवीला विषय कोणता?’ बी.एस्सी. झालेल्या उमेदवाराच्या गुणपत्रिकेवर ‘गणित’ असे स्वच्छ छापलेले असते. आपल्या आणि माझ्या गुणपत्रिकेवर ‘अभियांत्रिकी गणित’ आहे, तेही सुरुवातीच्या काही सत्रांपुरते. बी.एड.ला आपली अध्यापन पद्धती गणित असली, तरी तेवढ्याने हा प्रश्न मिटतो असे प्रत्येक कार्यालय मानत नाही.

माझ्या बाबतीत झाले ते असे. बी.एड. झाले, टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण होता, २०२३ च्या अभियोग्यता चाचणीतील गुणांवर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत एका अनुदानित माध्यमिक शाळेसाठी माझे नाव आले, मुलाखत झाली, संस्थेने नियुक्तीपत्र दिले आणि मी नववी-दहावीला गणित शिकवू लागले. वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे माझ्या नियुक्तीला शिक्षण विभागाची मंजुरी मिळण्याचा, प्रस्ताव संस्थेने वेळेत सादर केला. त्यानंतर ज्या कार्यालयात तो गेला, तिथे तो थांबला. कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही, कारण तिथली माणसे आता बदलली आहेत आणि मला कुणाचा सूड घ्यायचा नाही. चौकशीला गेल्यावर संबंधित लिपिकांनी फाइल उघडून दाखवली. प्रस्तावाच्या पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने तीन शब्द लिहिलेले होते: ‘पदवीस विषय नाही’. खाली सही नव्हती, दिनांक नव्हता. हे लेखी द्या, म्हणजे मी विद्यापीठाकडून खुलासा आणते, अशी विनंती केली तेव्हा उत्तर मिळाले की अजून निर्णय झालेला नाही, मग लेखी काय देणार. निर्णय द्या म्हटले, तर त्रुटीची पूर्तता झाल्याशिवाय निर्णय होत नाही. आणि त्रुटी कोणती, हे कोणत्याही पत्रात नव्हते.

शाळेत मी वर्ग घेत होते, पगार निघत नव्हता, कारण मान्यता नाही तर शालार्थ या वेतन प्रणालीतील क्रमांक नाही आणि शालार्थ क्रमांक नाही तर वेतन नाही. शेवटी माहितीच्या अधिकारात प्रस्तावाची, टिपणीसह, छायांकित प्रत मागितली. प्रत मिळाली, त्या पानाच्या समासात मात्र खोडरबराने घासल्याचा पुसट डाग तेवढा होता. तोवर संस्थेचाही धीर सुटला होता, आणि मी त्यांना दोष देत नाही. दहावीचा वर्ग त्यांना अधांतरी ठेवता येत नव्हता.

या दिरंगाईची किंमत केवळ काही महिन्यांच्या पगाराएवढी नसते, हे आपण नीट लक्षात घ्यावे. पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. एक फेरी हातची गेली, तर पुढची कधी येईल हे उमेदवाराच्या हाती नसते, आणि तिशी ओलांडून या क्षेत्रात येणाऱ्यांकडे अशा फार फेऱ्या शिल्लक नसतात. नकार मिळाला असता तर मी त्याविरुद्ध दाद मागितली असती. पेन्सिलीच्या शेऱ्याविरुद्ध अपील करता येत नाही. एखादा अधिकारी नियमावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणाला, तर त्याचा मी आदर करीन. परंतु माणसाला ना होकार ना नकार अशा स्थितीत ताटकळत ठेवणे हा अन्याय आहे, आणि तो पगाराविना उभा राहून शिकवणाऱ्या माणसावर होतो, याची मला आजही चीड येते.

म्हणून माझा आग्रह असा की शुल्क भरण्याआधी दोन ठिकाणी लेखी अर्ज करा. पहिला आपल्या विद्यापीठाकडे: आपल्या पदवीत गणित व विज्ञानाचे कोणते विषय, किती सत्रे आणि किती गुणांचे होते, याचे प्रमाणपत्र आणि त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत मागा. अभ्यासक्रम बदलत राहतात आणि जुने मिळवणे दरवर्षी अधिक कठीण होते, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका. दुसरा अर्ज आपण ज्या जिल्ह्यात नोकरी करू इच्छिता, तिथल्या माध्यमिक शिक्षण विभागाकडे; त्याचा मजकूर शेवटी देते. दोन्ही अर्जांच्या स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. उत्तर आले नाही, तर तीस दिवसांच्या मुदतीचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्यात मत विचारू नका, अभिलेख मागा: अमुक पदासाठी पदवीच्या विषयाबाबत लागू असलेला शासन निर्णय किंवा परिपत्रक यांची प्रत. मत विचारले की ‘ही माहिती या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते. मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, त्यामुळे माझा शब्द अंतिम मानू नका. किंबहुना कोणाचाच तोंडी शब्द अंतिम मानू नका, हेच तर मी सांगत आहे.

अभियंत्याला सर्वांत निर्वेध जागा कोणती, असे विचाराल तर माझे मत सहावी ते आठवी. तिथे पदवी, बी.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर असा सरळ हिशोब असतो, आणि शिक्षण हक्क कायद्यानेच या इयत्तांसाठी विज्ञान-गणिताचा शिक्षक अपेक्षिलेला आहे. मी आता एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत याच वर्गांना शिकवते. अकरावी-बारावी हवी असेल, तर संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी लागते, गणितासाठी एम.एस्सी. गणितच, एम.टेक. तिथे चालेल असे गृहीत धरू नका. केंद्रीय विद्यालयांच्या प्रशिक्षित पदवीधर गणित शिक्षकाच्या जाहिरातीत पदवीच्या सर्व वर्षांत गणित विषय असण्याची अट असते, ती तर आपल्याला उघडच अडते. या साऱ्यांतून मार्ग काढायचा, तर नोकरी सोडण्यापूर्वी गणितात एम.एस्सी. करण्याचा विचार जरूर करा. मला हे वेळेवर कोणी सांगितले असते तर मी तेच केले असते.

घरबसल्या बी.एड.बद्दलही आपण ओझरते विचारले आहे. मुक्त विद्यापीठाचे दूरस्थ बी.एड. हे प्रशिक्षित प्राथमिक सेवारत शिक्षकांसाठी, किंवा ज्यांनी एनसीटीईमान्य शिक्षक-प्रशिक्षण नियमित पद्धतीने आधीच पूर्ण केले आहे त्यांच्यासाठी असते. आपण त्यात बसत नाही. आणि ‘हजेरी लावू नका, परीक्षेला या’ असे सांगणाऱ्या परराज्यातील महाविद्यालयांच्या एजंटांना दारात उभे करू नका. दोन वर्षांच्या बी.एड.ला तासिका व प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेसाठी (इंटर्नशिपसाठी) ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे, आणि ही आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची असते. नोकरी सांभाळून हे जमेल असे सांगणारा माणूस आपल्याला पदवी विकतो आहे. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याच्या प्रकरणात ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, हे आपण वाचलेच असेल. चार वर्षांच्या पदवीधरांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा आणण्याचा प्रस्ताव २०२५ च्या मसुदा विनियमांत आला, तेव्हा त्याच्या भरवशावर प्रवेश देऊ करणाऱ्या जाहिरातीही झळकू लागल्या. मसुद्याच्या आधारावर एक रुपयाही भरू नका. महाविद्यालयाला त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता आहे, हे एनसीटीईच्या आदेशावरच पाहा.

पैशाचे एक सांगून ठेवते, कारण घरच्यांशी हे आधी बोललेले बरे. अनुदानित शाळेत लागल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून ते माध्यमिकसाठी दरमहा १८,००० आणि प्राथमिक-उच्च प्राथमिकसाठी १६,००० रुपये झाले. त्यापूर्वी माध्यमिकला ८,००० होते. म्हणजे बी.एड.ची बिनपगारी दोन वर्षे आणि त्यानंतरची ही तीन, असा पाच वर्षांचा हिशोब मांडूनच राजीनामा द्या. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल, तर माझ्या मते आधी तो आटोक्यात आणावा.

सराव पाठांची धास्ती मात्र बाळगू नका. पाठ टाचण लिहिणे सुरुवातीला कंटाळवाणे वाटते, परंतु ‘विद्यार्थी कृती’ हा रकाना मनापासून भरा, कारण आपल्यासारख्यांचे पाठ तिथेच कच्चे राहतात. माझ्या शाळेत आंतरवासितेला आलेले एक अभियंते आठवीला व्यस्त चलन शिकवत होते. माणसे वाढली की काम लवकर संपते, हे त्यांनी फळ्यावर सुरेख मांडले, सूत्र लिहिले, चौकट केली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, स्वयंपाकघरात जास्त बायका आल्या की काम लांबतं, ते कसं?” त्यांनी खडू खाली ठेवला, तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि प्रत्येक माणूस सारख्याच वेगाने, एकमेकांच्या आड न येता काम करतो हे आपण गृहीत धरले आहे, ही गोष्ट मुलांकडूनच काढून घेतली. निरीक्षण वहीत मी त्या पाठाला मोकळेपणाने दाद दिली. कारखान्यात किंवा कंपनीत काम केलेल्या माणसाला गृहीतकांची ही जाण असते, आणि शाळांना अशा शिक्षकांची फार गरज आहे. म्हणूनच आपण यावे असे मला मनापासून वाटते. कागद भक्कम करून यावे, एवढेच.

शिक्षण विभागाकडे द्यायच्या अर्जाचा मजकूर असा ठेवावा: “माझी पदवी बी.ई. (संगणक) असून गुणपत्रिकेत अभियांत्रिकी गणित हा विषय सोबत जोडलेल्या तपशिलानुसार आहे. बी.एड. गणित अध्यापन पद्धतीसह पूर्ण केल्यास इयत्ता नववी व दहावीसाठी गणित विषयाच्या सहायक शिक्षक पदावरील नियुक्तीस वैयक्तिक मान्यता मिळण्यास मी पात्र ठरतो किंवा कसे, आणि नसल्यास कोणत्या नियमान्वये, हे लेखी कळवावे.” ‘नसल्यास कोणत्या नियमान्वये’ हे शब्द गाळू नका. सोबत सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाचे प्रमाणपत्र व अभ्यासक्रमाची प्रत जोडा, प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि पानांची एकूण संख्या अर्जातच नमूद करा.