अमेरिकेत नर्स अॅनेस्थेटिस्ट (भूल देणारी खास प्रशिक्षित नर्स) व्हायला आयसीयूचं एक वर्ष पुरतं का? (बी.एस्सी. नर्सिंग झालंय, एनसीएलईएक्स, म्हणजे अमेरिकेतली नर्सिंग परवान्याची परीक्षा, पास आहे)

कागदावर पुरतं. पूर्णवेळ क्रिटिकल केअरचं एक वर्ष ही किमान अट आहे. पण या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला चढाओढ फार, त्यामुळे दोन-तीन वर्षं काढून मगच अर्ज करा असं मी मनापासून सांगेन. ओटी किंवा रिकव्हरीतली नोकरी सहसा या अनुभवात धरत नाहीत.

वर्षांपेक्षा तिथे काय केलंत ते मुलाखतीत विचारतात. रात्री तीन वाजता पेशंटचं बीपी कोसळतंय, नॉरएपिनेफ्रिनचा (बीपी वाढवणारं औषध) डोस तुम्ही वाढवताय, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतोय: त्या क्षणी तुम्ही काय बघितलं आणि का, हे सांगता आलं पाहिजे. सीसीआरएन (क्रिटिकल केअर नर्सिंगचं प्रमाणपत्र) परीक्षा जरूर द्या. केमिस्ट्रीचे मार्क जुने किंवा कमी असतील तर तो विषय पुन्हा करा.

आणखी एक, जुनी माहिती वाचून फसू नका. 2022 पासून नवीन प्रवेश फक्त डॉक्टरेटलाच मिळतो, मास्टर्सला नाही. म्हणजे तीन वर्षं किंवा थोडी जास्तच, आणि त्या काळात नोकरी जवळपास अशक्य. घरखर्चाची सोय आधी करून ठेवा. शेवटी राष्ट्रीय परीक्षा, ती पास झालात की तुम्ही सीआरएनए, म्हणजे प्रमाणित नर्स अॅनेस्थेटिस्ट.