मी सगळ्यांत मागं पडते, जाऊ का?

प्रश्न : ताई, आम्ही चार मैत्रिणी डिसेंबरात सायकलनं कोल्हापूरहून गगनबावडामार्गे विजयदुर्गला जायचं म्हणतोय. तीन दिवस, सोबत दोन तंबू. रोज सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारतो, त्यात मी कायम मागं पडते. बाकीच्या तिघी काही बोलत नाहीत, पण माझ्यामुळं त्यांचा खोळंबा होणार हे मला कळतं. मी येत नाही म्हणून सांगू का? आणि चौघी बायकांनी तंबू लावायचा तरी कुठं?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : वयानं लहान दिसतेस म्हणून ‘तू’च म्हणते. येत नाही म्हणून अजिबात सांगू नकोस. उगीच धीर द्यायला हे लिहीत नाही. आमच्या चौघींत मागं राहणारी मीच होते.

२०१९ चा डिसेंबर. रस्ता हाच, जायचं विजयदुर्गलाच. एक नर्स, एक शाळेतल्या बाई, एकीची पिठाची गिरणी आणि मी. नर्सची रात्रपाळी संपून, सामान बांधून निघायला अकरा वाजले. पहिली चूक तिथंच झाली. डिसेंबरात सातच्या सुमाराला उजाडतं आणि सहाला सूर्य बुडतो. गगनबावडा इथून सुमारे ५५ किलोमीटर. मोकळ्या सायकलवर ते तीन-साडेतीन तासांचं काम वाटतं, पण तंबू, पथारी, भांडी असं पंधरा किलो ओझं मागं लागलं की ताशी बारा-तेराच किलोमीटर पडतात. चहापाणी, फोटो, चेन उतरणं हे वेगळंच.

फुलेवाडी सोडली, बालिंग्याचा पूल ओलांडला, कळे गावापर्यंत एकत्र होतो. उसाचा हंगाम होता, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंगावरून जात होते. कळ्याच्या पुढं त्या तिघी हळूहळू लांब गेल्या. वळणावर एकीचं लाल जॅकेट दिसायचं, मग तेही दिसेना. आणि माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. पंप गिरणीवालीच्या पिशवीत, ठिगळं आणि सोल्युशन नर्सच्या पिशवीत. तिघींचे फोन सामानाच्या तळाशी. मी तासभर सायकल हातानं ढकलत चालले. रडू ट्यूब पंक्चर झाली म्हणून येत नव्हतं. आपण मागं राहिलोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, याचं येत होतं. तुझ्या पत्रातलं ‘खोळंबा’ वाचलं आणि तो रस्ता आठवला.

त्या परत आल्या तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पंक्चर काढेपर्यंत ऊन उतरलं. पुढं जायचं की नाही यावर वाद झाला आणि मग सगळ्याच गप्प झाल्या. तेवढ्यात रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावरून म्हाताऱ्या गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्यानं, हाक मारली, “पोरींनो, अंधारात ट्रॅक्टरच्या वाटंला जाऊ नका. हितं अंगणात टाका की तुमचं पाल.”

ती रात्र मी विसरणार नाही. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळत होता, भेंडीच्या चिकट पाण्यानं वर आलेली मळी एक पोरगा झाऱ्यानं काढून टाकत होता. खाली चुलवाणात वाळकी चिपाडं सारणं चालूच. गुळव्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, दोन बोटांत त्याची गोळी वळली आणि ती काठावर टाकली. टक्क आवाज आला तसं त्यानं आदण, म्हणजे काहिलीतला तो पाक, उतरवायला सांगितलं. मग आमच्या ताटल्यांत गरम काकवी आली, घरातून भाकरी आली. आम्ही चौघी तोवर एकमेकींशी बोललो नव्हतो. पहिला घास खाऊन बाई म्हणाल्या, “उद्या तू पुढं.” एवढंच म्हणाल्या.

सकाळी गिरणीवालीनं माझी सायकल न्याहाळली. पट्टा कुठं घासतो, जातं का तापतं हे तिला नुसत्या आवाजावरून कळतं. तिनं मला सीटवर बसवलं, पायडल अगदी खाली नेलं आणि टाच टेकवायला लावली. टाच टेकल्यावर गुडघा सरळ व्हायला हवा, माझा चांगलाच वाकत होता. तिनं सीट दोन बोटं वर घेतली. टायरही मऊ होते, त्यांत हवा भरली. मग म्हणाली, “जड गिअर ओढतेस कशाला? हलकं ठेव, पाय भरभर फिरू दे.” मी वर्षभर माझ्या फुप्फुसांना दोष देत होते. तूही आधी एवढं तपासून घे. मागं पडणाऱ्या माणसाच्या सायकलकडं कुणी नीट पाहतच नाही, सगळे त्याच्या दमाकडंच पाहतात.

त्या दिवशी साळवण, असळज करत गगनबावड्याचा चढ मी पुढं राहून चढले. मागच्या तिघींना वेग कमी ठेवायला काही कष्ट पडले नाहीत. मला मात्र आदल्या दिवशी त्यांच्या वेगाशी झटून दुपारपर्यंत घाम फुटला होता, तो त्रास झाला नाही. पुढच्याच्या पाठीवर डोळे लावून चालवताना माणूस जास्त थकतो, हे मला पुढं आल्यावर कळलं.

म्हणून चौघींनी बसून आधीच ठरवा : सगळ्यांत हळू चालणारी पुढं आणि सगळ्यांत दमदार शेवटी. पंप, ठिगळं, जादा ट्यूब, पाना हे सगळं शेवटचीकडं. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, चौघी दिसल्याशिवाय हलायचं नाही. फोन खिशात ठेवायचा. हे मैत्रिणींना सांगायला लाजू नकोस. हे पत्र त्यांना वाचायला दे.

दिवसाला ५०-५५ किलोमीटर पुरे. विजयदुर्ग एकूण १४० च्या आसपास पडतं, तीन दिवसांत आरामात होईल. सातला निघा आणि दुपारी चारला मुक्काम शोधायला लागा. अंधार पडल्यावर या रस्त्यावर सायकल नको, पुष्कळ ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो.

आता तंबूचं. एकांत शोधू नका, माणसं शोधा. गुऱ्हाळ, देवळाचं आवार, शाळेचं मैदान, एखाद्याचं खळं. गावात शिरल्यावर आधी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटा, कोण आहोत, कुठून आलो, सकाळी कधी जाणार ते सांगा. एवढं सांगितलं की गावच तुमच्यावर लक्ष ठेवतं. आम्हाला बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकाच न्हाणीघर दाखवायला आल्या, आणि चौघींच्या प्रवासात त्याची किंमत किती असते हे तुला सांगायला नको. धरणाकाठ फोटोत छान दिसतो, पण रात्रीला नको. रानाच्या कडेलाही नको, या भागात गवे फिरतात. पुढं कधी दाजीपूरकडं गेलात, तर ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं तंबू ठोकायचा नाही.

परत आलीस की मला नक्की लिही.

प्रश्न : नवा तंबू घेतला. पन्हाळ्याजवळ एक रात्र राहिलो, पाऊस नव्हता तरी सकाळी कापड आतून ओलं. दुकानदार म्हणतो तंबू चांगला आहे. फसवलं का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही, तंबू गळत नाही. थंडीच्या रात्री तुमच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागते आणि तिचं पाणी होतं. थंडी वाजते म्हणून आपण सगळ्या चेन गच्च लावतो, तिथंच ते वाढतं. वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, बाहेरचं कापड ताणून आतल्याला चिकटू देऊ नका, ओले कपडे आत वाळत घालू नका. नदीकाठापेक्षा थोडं उंचावर, झाडाखाली जागा घ्या, दव कमी पडतं. आणि ओला तंबू तसाच गुंडाळून घरी माळ्यावर टाकू नका, बुरशी धरते. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा अर्धा तास उन्हात पसरा.

प्रश्न : गगनबावड्याहून कोकणात जाणारा करूळ घाट सायकलनं उतरताना ब्रेकचं काय करायचं? मागं सामान असतं, भीती वाटते.
– एक वाचक, कळंबा

उत्तर : भीती रास्त आहे. सामानानं सायकल जड होते आणि थांबायला जास्त अंतर लागतं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते, रबर गुळगुळीत होतं आणि ऐन वळणावर पकड जाते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करा, मग सोडा, परत लावा. वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधा. निघण्याआधी ब्रेकचं रबर किती उरलंय ते बघा, झिजलं असेल तर कोल्हापुरातच बदला. मध्ये दोन-तीनदा बाजूला थांबून चाकं गार होऊ द्या, खालचं कोकण तेव्हाच पाहून घ्या.

पावसाळ्यात मात्र हा बेत नको. घाटात दरडी येतात आणि घाटाच्या अलीकडं, मांडुकलीजवळ, रस्त्यावर पुराचं पाणी चढतं. एरवीही काम निघालं की करूळ बंद ठेवतात, मग भुईबावडा घाटानं उतरायचं. आदल्या दिवशी एसटी स्टँडवर जाऊन विचारा. गाडी कुठल्या घाटानं जातेय ते कंडक्टरला पक्कं माहीत असतं.