उत्तर: स्पेक्ट्रमच्या कॅसेट्स 'डिजिटाइझ' करायला दुकानात देण्याआधी हे वाचा

लेस्टरचं घर आवरताना माळ्यावर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस सापडला, म्हणजे ऐंशीच्या दशकातला, कॅसेटवरून गेम लोड करणारा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर, सोबत बुटांच्या खोक्यात कॅसेट्स. दोन लावून बघितल्या तर 'आर टेप लोडिंग एरर', म्हणजे कॅसेट नीट वाचता आली नाही. म्हणून अख्खं खोकं जुन्या कॅसेट्सचं एमपीथ्री करून देणाऱ्या दुकानात टाकायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. वर हेही विचारलंय की ते दोन पौंडवाले गेम खरंच चांगले होते, की आपणच लहान होतो? दुसऱ्या प्रश्नावर मी कितीही वेळ बोलू शकतो, पण आधी पहिल्याचं उत्तर: खोकं देऊ नका. निदान अख्खं तरी देऊ नका.

आधीच सांगतो, मी बँकेत नोकरी केलेला माणूस. इलेक्ट्रॉनिक्स हौसेपुरतं. कुणा जाणकाराला माझं चुकलंय असं वाटलं तर त्याचं ऐका. हेड साफ करणं, टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. फक्त एक: मूळ अडॅप्टर हरवला असेल तर हाताला लागेल तो खुपसू नका. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, आजच्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलट. आणि उघडलात तर कीबोर्डच्या पडद्याची पट्टी ओढू नका, चाळीस वर्षांत ती पापडासारखी झालेली असते. नवे पडदे मिळतात.

आता खोक्याकडे या. सगळ्या कॅसेट्सचे दोन ढीग करा. एकात कंपन्यांच्या छापील कव्हरवाल्या: मास्टरट्रॉनिक, कोडमास्टर्स, फायरबर्ड, जी काही कंपनी असेल ती. दुसऱ्यात कोऱ्या कॅसेटवर पेनाने काहीतरी लिहिलेल्या, किंवा काहीच न लिहिलेल्या. पहिल्या ढिगाची काळजी करू नका. त्यातला जवळजवळ प्रत्येक गेम हौशी लोकांनी केव्हाच उतरवून, कव्हराच्या चित्रासकट जपून ठेवलाय. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरकडून ५० लाख पौंडांना घेतले, आणि १९९९ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने मशीनचा रॉम (आतला कायमचा प्रोग्रॅम) इम्युलेटरसोबत, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत, वाटायला मोकळीक दिली. त्यामुळे इम्युलेटर चालवण्यात चोरीमारी नाही. गेमांचे हक्क हा वेगळा विषय, काही प्रकाशकांनी परवानगी नाकारलेली आहे, ते तुमचं तुम्ही बघा.

खरा जीव दुसऱ्या ढिगात आहे. त्यात घरी कुणी स्वतः लिहिलेलं काही असेल तर जगात त्याची दुसरी प्रत नाही. आणि दुकानदाराच्या लेखी नेमका तोच कचरा असतो. हे मी अंदाजाने बोलत नाहीये.

आमचं घर इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला होतं, बाबा तिथल्या इस्पितळात डॉक्टर. नव्वदच्या सुमाराला सगळे पुण्याला परतलो तेव्हा स्पेक्ट्रम आणि कॅसेट्स सामानातून आल्या. (तेव्हा इकडे डेसिबेल्स कंपनीचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून परवान्यावर बनवलेला देशी अवतार विकला जात होता, त्यामुळे अगदीच एकटे पडलो नाही.) त्या कॅसेट्समध्ये माझ्या दादाची एक होती. त्याने बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सापशिडी लिहिली होती, मराठीतून. ज्यांनी स्पेक्ट्रम वापरलाय त्यांना कळेल ही काय चीज होती. मशीनमध्ये स्वतःची चिन्हं काढायला फक्त २१ जागा, प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचं. त्यात बाराखडी बसवणं अशक्य. म्हणून दादाने आधी वाक्यं ठरवली, 'साप चावला', 'शिडी चढा' असली, आणि त्यांना लागतील तेवढीच अक्षरं काढली. वरची ओळ पूर्ण भरली की शिरोरेखा शेजारच्या चौकटीला आपोआप जोडली जायची. आईला खेळता यावं म्हणून हा सगळा खटाटोप, आणि ती खेळायचीही.

काही वर्षांपूर्वी ठरवलं की हे सगळं उतरवून घेऊ. पुण्यातच एक जागा होती, मैफिली, कीर्तनं, लग्नातल्या कॅसेट्स उतरवून देणारी. नाव लिहीत नाही, वादात पडायचं नाही. काउंटरवरच्या मुलाला मी नीट सांगितलं: हे गाणं नाही, ही कॉम्प्युटरची माहिती आहे, ऐकायला कर्कश लागेल, जसं आहे तसं उतरवा, काहीही साफ करू नका, कॅसेट्स सगळ्या परत द्या. पावतीवर त्याच्याच हाताने लिहूनही घेतलं.

पेन ड्राइव्ह घ्यायला गेलो तर मालक स्वतः खुशीत. "काका, तुमच्या कॅसेट्समध्ये फार खरखर होती हो. आम्ही सगळी काढून टाकली."

अहो, ती खरखर हाच गेम होता!

त्यांनी नेमकं काय केलं ते नंतर फाइली उघडून बघितल्यावर कळलं, आणि कुठल्याही गाणीवाल्या दुकानात हेच होईल म्हणून सांगतो. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक तुकड्याआधी एक लांब एकसुरी शिट्टी असते, साधारण ८०० हर्ट्झची, हेडरच्या (पुढे काय येतंय ते सांगणाऱ्या छोट्या तुकड्याच्या) आधी सुमारे पाच सेकंद आणि मुख्य माहितीच्या आधी दोन. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे हलतात तेव्हा वाजते ती. मशीन त्या शिट्टीवरून ओळखतं की आता माहिती येणार. त्यांच्या सॉफ्टवेअरला ती विजेची गुणगुण वाटली, गेली. पुढची माहिती म्हणजे लहान आणि मोठ्या लहरींची रांग: शून्य असेल तर लहर छोटी, एक असेल तर बरोबर दुप्पट लांब. सगळा अर्थ त्या लांबीत. 'नॉइज रिडक्शन'ने त्या लहरी घासून गुळगुळीत केल्या. मधल्या शांत जागा 'वेळ वाचावा म्हणून' कापल्या. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तपासणीचा एक बाइट असतो, एक बिट जरी हललं तरी तो जुळत नाही आणि मशीन तुमच्या तोंडावर तोच एरर मारतं. इथे एक नाही, बिटांची कत्तलच झाली होती. वर बिलात प्रत्येक कॅसेटमागे 'नॉइज क्लीनिंग' वेगळं लावलेलं.

तरी म्हटलं, कॅसेट्स आहेत ना, पुन्हा उतरवू. तर छापील कव्हरवाल्या सगळ्या छान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून परत मिळाल्या. हाताने लिहिलेल्या एकही नाही. "त्यांवर काही नव्हतंच काका, नुसता आवाज. खराब निघालेल्या आम्ही टाकून देतो, पावतीच्या मागे लिहिलंय." पावतीच्या मागे भिंगातून दिसेल अशा अक्षरांत खरंच लिहिलं होतं. पुढच्या बाजूला त्यांच्याच माणसाने 'सर्व परत' लिहिलं होतं, त्याबद्दल कुणी बोलायला तयार नाही. पुढच्या ऑर्डरला सूट देतो म्हणाले. म्हणजे 'फाइंडर्स कीपर्स' हा गेम, जो जगात कुठेही मिळतो, तो माझ्याकडे कॅसेटवर सुखरूप आहे, आणि मराठी सापशिडी पुण्याच्या कचरा डेपोत. दादाला आता त्या प्रोग्रॅमची एक ओळ आठवत नाही. त्याला विचारायचं मी सोडून दिलंय.

असो. रक्तदाब वाढतो.

तुम्ही घरीच करा, अवघड नाही. लाइन-आउट असलेला बरा डेक घ्या, डॉल्बी (डेकची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा. डेक स्टीरिओ असेल तर दोन्ही बाजू एकत्र करू नका, जी स्वच्छ असेल ती एकच घ्या. हेड किंचित तिरकं असलं की दोन बाजू मिसळताना वरचे सूर एकमेकांना मारतात, आणि बरेचसे लोडिंग एरर तिथेच जन्मतात. मग हेडशेजारचा छोटा स्क्रू. मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा, कॅसेट लावून स्क्रू अगदी थोडा इकडेतिकडे फिरवा आणि आवाज सर्वांत धारदार होईल तिथे थांबा. घरगुती कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली असेल त्याच्या हेडला ती जुळलेली असते, म्हणून हे दर कॅसेटला नव्याने करावं लागतं. डब्ल्यूएव्हीमध्ये घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, आणि काहीही कापू नका. एमपीथ्रीवरून लोड करणारे लोक आहेत, त्यांचं चालतंही, पण मूळ प्रत म्हणून नको. त्या फाइलवरून इम्युलेटरला वाचता येणाऱ्या 'टॅप' किंवा 'टीझेडएक्स' फाइली बनवणारी फुकट साधनं आहेत, फ्यूज इम्युलेटरच्या जोडीला मिळणारं 'ऑडिओ-टू-टेप' मी वापरतो.

यात एक दिलासा आहे. घरी 'सेव्ह' केलेल्या कॅसेट्स मशीनच्या साध्या पद्धतीने भरलेल्या असतात, त्यामुळे कंपन्यांच्या जलद लोडरवाल्या कॅसेट्सपेक्षा त्या उतरवायला सोप्या. आणि तपासणीचा बाइट जुळला की तो तुकडा जसाच्या तसा परत आला असं समजायला हरकत नाही. गाण्याच्या कॅसेटला हे भाग्य नाही. हाताने लिहिलेल्यांतल्या निम्म्या शाळेतल्या मित्राकडून कॉपी केलेल्या गेमांच्या निघतील, लाजू नका, सगळ्यांकडे त्याच होत्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझं मत: पाचांतले तीन गेम भिकार होते. पूर्ण किमतीचा गेम सात ते दहा पौंडांना असताना मास्टरट्रॉनिकने १ पौंड ९९ ला विकायला सुरुवात केली, आणि खरी हुशारी किमतीपेक्षा दुकानांत होती. कॉम्प्युटरच्या दुकानावर विसंबून न राहता त्यांनी वर्तमानपत्रवाल्यांकडे, पेट्रोल पंपांवर स्टँड लावले. आमच्या कोपऱ्यावरच्या गुजराती काकांकडे दूध आणि पेपरच्या शेजारीच ते गेम टांगलेले असत, खाऊच्या पैशांत बसणारे. कव्हर बघून घ्यायचं आणि घरी येऊन फसायचं. मागे छापलेली चित्रं बरेचदा कमोडोर या दुसऱ्या कॉम्प्युटरवरची असत, बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असलं तर असलं. कोडमास्टर्सच्या डार्लिंग बंधूंना तर 'सिम्युलेटर' या शब्दाचं वेड होतं: बीएमएक्स सिम्युलेटर, ग्रां प्री सिम्युलेटर, चक्क जुगाराच्या मशीनचाही सिम्युलेटर.

डिझी या गेममालिकेबद्दल माझं मत लोकांना रुचत नाही, तरी सांगतो. ऑलिव्हर जुळ्यांचं ते अंडं गोंडस आहे, कोडी चांगली आहेत, पण उडी मारली की कोलांट्या खात ते कुठे जाऊन पडेल यावर आपला काहीच ताबा नाही. 'ट्रेझर आयलंड डिझी'मध्ये वर एकच जीव. ही कठीणता नव्हे, हा छळ.

पण उरलेले दोन! डेव्हिड जोन्सचा 'फाइंडर्स कीपर्स' (१९८५) आणि त्यातल्याच मॅजिक नाइट या नायकाचा पुढचा 'स्पेलबाउंड', २ पौंड ९९ चा, ज्यात खिडक्या उघडून पात्रांना कामं सांगता येत. तसा विचार दहा पौंडवाल्या कित्येक गेमांत नव्हता. फायरबर्डचा 'थ्रस्ट' (१९८६): गुरुत्वाकर्षण, जडत्व, लोंबकळणारं ओझं, बस. आजही कुणी नवा म्हणून दिला तर विकला जाईल. 'फ्यूड'मध्ये दोन जादूगार भाऊ पाला गोळा करून एकमेकांवर मंत्र टाकतात, तोही सुंदर. तेव्हा नाही, सगळं आपल्या लहानपणामुळे नव्हतं. थोडं होतं.

तुम्ही दिलेल्या कॅसेट्सच्या यादीत 'क्रोनॉस' हा गेम दिसला म्हणून जाता जाता. गेम सामान्य आहे, पण संगीत टिम फॉलिनचं, तेव्हा तो विशीचाही नव्हता. स्पेक्ट्रमचा भोंगा एका वेळी फक्त चालू किंवा बंद होऊ शकतो, त्यातून त्याने अनेक वाद्यं एकदम वाजल्याचा भास काढलाय. इम्युलेटरवर ऐकू नका, मशीनच्या पोटातल्या भोंग्यातूनच ऐका, आणि सुरुवातीचं संगीत संपेपर्यंत कुठलंही बटण दाबू नका.