दुसरा क्लास घेतलेल्या पात्राने किती काळ थांबावे?

प्रश्न : आमचा गट ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीवर खेळतो. एका खेळाडूचा मानवी फायटर (लढवय्या) सातव्या लेव्हलला पोहोचला असून त्याला आता विझर्ड (जादूगार) व्हायचे आहे. नियम वाचल्यावर मात्र त्याचा उत्साह मावळला, कारण आठव्या लेव्हलचा विझर्ड होईपर्यंत तलवारीला हात लावला की अनुभवगुण बुडणार. मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आहे. हा नियम सैल करावा का, आणि करायचाच तर कितपत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सैल जरूर करावा, पण कुठे ते नीट पाहून. ड्युअल-क्लासची, म्हणजे एक क्लास (पात्राचा पेशा) सोडून दुसरा घेण्याची मुभा या आवृत्तीत फक्त मानवी पात्रांना आहे. पहिल्या क्लासच्या मुख्य गुणात (फायटरसाठी स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, विझर्डसाठी इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी) किमान १५ आणि नव्या क्लासच्या मुख्य गुणात किमान १७ असावे लागतात, आणि पहिल्या क्लासमध्ये निदान दुसरी लेव्हल गाठलेली असावी लागते. क्लास बदलल्यावर जुन्या क्लासमध्ये पुढे कधीही प्रगती करता येत नाही. जुने हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो तो आकडा) आणि ते ठरवणारे हिट डाइस तेवढे राहतात. थॅको (फटका लागायला फाशावर किती हवे ते ठरवणारा आकडा; कमी तितका चांगला), सेव्हिंग थ्रो (संकटातून बचावण्यासाठीची फाशाची फेक), शस्त्रे वगैरे बाकी सगळे पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे. खातेबदल करून गेलेल्या कर्मचाऱ्याचा पगार शाबूत राहावा, पण सेवाज्येष्ठता शून्यापासून सुरू व्हावी, तसा हा प्रकार आहे. नवी लेव्हल जुन्या लेव्हलच्या वर जाईपर्यंत हिट पॉइंट्समध्ये भर पडत नाही, आणि त्या काळात जुनी विद्या वापरली तर त्या चकमकीचा अनुभव शून्य होतो, शिवाय सबंध साहसाचा अनुभव निम्मा होतो.

आता हा जाच कोणाला किती होतो, ते अनुभवगुणांच्या तक्त्यावरून पाहू. दुसऱ्या लेव्हलच्या फायटरने (२,००० गुण) क्लास बदलला, तर त्याला तिसऱ्या लेव्हलचा विझर्ड होण्यासाठी ५,००० गुण मिळवायचे असतात; ही मजल तो फार काळ न दवडता मारतो. आपल्या खेळाडूने सातव्या लेव्हलपर्यंत ६४,००० गुण कमावले आहेत आणि त्याला आठव्या लेव्हलचा विझर्ड होण्यासाठी आणखी ९०,००० हवेत, म्हणजे आजवरच्या साऱ्या कमाईपेक्षाही जास्त. नवव्या लेव्हलपर्यंत थांबलेल्या फायटरची मागची कमाई आणि पुढची वाट दोन्ही सारखीच, २,५०,००० गुणांची. म्हणजे ज्याने पहिला क्लास केवळ तोंडलावणीपुरता घेतला तो स्वस्तात सुटतो आणि ज्याने तो मनापासून निभावला त्याच्या वाट्याला मोठी शिक्षा येते. माझा या नियमावर राग असेल तर तो एवढ्याचसाठी.

शेवटी पदरात पडणारे फळ मात्र कमी नाही, आणि इथेच अनेक डीएम नको तितके उदार होतात. फायटर-विझर्ड असे दोन्ही क्लास एकाच वेळी चालवणारा एल्फ (मानवेतर वंशाचे पात्र) घ्या. त्याचे गुण दोन्हींकडे समान वाटले जातात. एकूण १,५४,००० गुणांवर आपला मानव ७/८ (आधी फायटरची, मग विझर्डची लेव्हल) असतो आणि एल्फ ७/७. फरक किरकोळ आहे. एकूण ४,३९,००० गुणांवर मानव अकराव्या लेव्हलचा विझर्ड झालेला असतो, तर एल्फ ८/९ वर असतो. तेव्हा अखेरच्या ताकदीत काही वाढवून देण्याचे कारण नाही. त्रास आहे तो मधल्या काळाचा, आणि तोही पात्रापेक्षा खेळाडूला अधिक.

हा मधला काळ टेबलावर कसा दिसतो? सातव्या लेव्हलच्या फायटरला सरासरी ३८ हिट पॉइंट्स असतात आणि थॅको १४ असतो. आर्मर क्लास (बचावाचा आकडा, तो थॅकोतून वजा करायचा) ५ असलेल्या शत्रूवर त्याला विसाच्या फाशावर ९ किंवा अधिक पुरतात, म्हणजे वीसपैकी बारा बाजू त्याच्या बाजूने. क्लास बदलला की थॅको २० होतो, १५ किंवा अधिक लागतात आणि अनुकूल बाजू सहाच उरतात; काल रात्रीच्या मानाने बरोबर निम्मी संधी. हातात काठी, अंगावर चिलखत नाही आणि दिवसाकाठी एकच मंत्र. तो मंत्र पहिल्याच दालनात खर्च झाला, पुढच्या दालनात सोबतचा क्लेरिक (पुरोहित) कोसळला आणि एखादी तलवार समोरच पडलेली असली, तर मूळ नियमानुसार ती उचलणाऱ्याचा सबंध साहसाचा अनुभव निम्मा होतो. सोबत्याचा जीव वाचवणे हाच सर्वांत महाग पर्याय ठरावा, हे मला पटत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी : चकमकीचा शून्य तसाच ठेवा, साहसाची निम्मी कपात काढून टाका. जुनी सवय मोडायची तर काही किंमत मोजावी लागणारच, हा आक्षेप रास्त आहे, परंतु त्या चकमकीवर पाणी सोडणे एवढी किंमत मला पुरेशी वाटते. त्याचा बुडालेला हिस्सा मात्र इतरांना वाटू नका. नाहीतर दर वेळी “उचल तलवार” असा आग्रह करणारे सोबती टेबलावर हमखास निघतील.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. जुनी विद्या एकदम परत न देता टप्प्याने द्यावी. नवी लेव्हल जुन्या लेव्हलच्या निम्म्यावर आली (अपूर्णांक वर धरावा) की जुना थॅको आणि जुने सेव्हिंग थ्रो परत मिळावेत, पण शस्त्रे विझर्डचीच : काठी, खंजीर, सुरी, गोफण, डार्ट. आपल्या खेळाडूसाठी हा टप्पा चौथ्या लेव्हलला, म्हणजे १०,००० गुणांवर येतो. तलवार, चिलखत आणि वाढीव हिट पॉइंट्स यांच्यासाठी त्याने मूळ नियमाप्रमाणे आठव्या लेव्हलची वाट पाहावी, आणि चिलखत घालून मंत्र म्हणता येत नाही हे बंधन त्यानंतरही राहावे. वाट तेवढीच लांब राहते, मात्र दहा हजार गुणांवर हाताला काहीतरी लागते आणि खेळाडू टेबल सोडून जात नाही. पात्राच्या कागदावर जुन्या क्लासच्या नोंदी पेन्सिलीने चौकटीत लिहून ठेवाव्यात आणि परत मिळतील तशा पेनाने गिरवाव्यात; त्यामुळे ऐन चकमकीतले वाद पुष्कळ कमी होतात.

वाद होतात ते मुख्यतः ‘जुनी विद्या वापरणे’ म्हणजे नेमके काय, यावरून. सातव्या लेव्हलपर्यंत लढलेल्या माणसाला दबा धरून बसलेल्या टोळीची चाहूल लागली, त्याने सोबत्यांना कुठे उभे राहायचे ते सांगितले किंवा दाराला अडसर घालायला लावला, तर तो अनुभव आहे. त्याला दंड नको. जिथे फाशावर जुन्या क्लासचा आकडा वापरला जातो, किंवा नव्या क्लासला निषिद्ध शस्त्र वा चिलखत वापरले जाते, तिथेच दंड लावावा. थीफचा (चोराचा) विझर्ड झालेला असेल तर कुलूप उघडणे दंडास पात्र आहे, पण हे कुलूप साधे नाही एवढे ओळखणे नाही.

या सवलतींबरोबर एक बंधन वाढवावे, असे मी सुचवीन. क्लास बदलण्यापूर्वी दुसऱ्याऐवजी पाचवी लेव्हल गाठण्याची अट घाला. वर दाखवलेली स्वस्तातली पळवाट त्याने बंद होते, आणि पहिला क्लास पात्राच्या आयुष्याचा खरा भाग ठरतो.

गुणांच्या अटीबद्दल आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. तीन फासे टाकून आलेला आकडा क्रमानेच मांडायचा असेल, तर एखाद्या गुणात १७ किंवा १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये ४ आहे. स्ट्रेंग्थमध्ये १५ आणि इंटेलिजन्समध्ये १७ असे दोन्ही जुळणारे पात्र सुमारे ५८३ मध्ये एक निघते. चार फासे टाकून सर्वांत लहान वगळण्याची पद्धत आपल्याकडे असेल तर १७ ची अट चालेल. तीनच फाशांवर खेळत असाल तर १५ वर समाधान मानावे.

ता. क. आपल्या गटातील तरुण मंडळींनी हा नियम १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’ या संगणक-खेळात पाहिला असण्याची शक्यता आहे. तिथे जुनी विद्या मधल्या काळात पूर्णपणे बंदच असते आणि कोणाची तक्रार नसते, कारण तिथे एकच माणूस सहा जणांची पार्टी चालवतो. टेबलावर प्रत्येकाच्या वाट्याला एकच पात्र येते. त्या खेळाचा दाखला इथे देऊ नये.

प्रश्न : मानवांना ही मुभा आहे तर माझ्या एल्फला का नाही? आमचा डीएम ऐकायला तयार नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : या बाबतीत मी आपल्या डीएमच्या बाजूने आहे. एल्फला दोन क्लास एकदम चालवता येतात, अंधारात दिसते, तलवार आणि धनुष्य चालवताना फायदा मिळतो. त्या बदल्यात त्याच्या प्रगतीला मर्यादा आहेत : फायटर म्हणून १२, विझर्ड म्हणून १५. मानवाच्या वाट्याला यांतले काही नाही. त्याला कमाल लेव्हलची मर्यादा नाही आणि ड्युअल-क्लास आहे, एवढेच त्याचे भांडवल. तेही आपण मागितले तर मानव खेळायला कोण उरेल? लेव्हलच्या मर्यादा आपल्या गटाने आधीच उडवून लावल्या असतील, तर मात्र मागणी आणखीच अवाजवी ठरते. आपले पात्र मोहिमेच्या कथेमुळेच क्लास बदलत असेल, म्हणजे देवळाने बहिष्कृत केले किंवा गुरुकुल जळाले असे काही घडले असेल, तर डीएमने त्या एका पात्रापुरता अपवाद करावा. तोही मर्यादा कायम ठेवून आणि एकच क्लास असलेल्या एल्फला.

प्रश्न : आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो. तिथे क्लास बदलणे फारच सोपे वाटते. जुन्या ड्युअल-क्लासची चव आणता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : येईल, पण जुना नियम जसाच्या तसा उचलू नका. या आवृत्तीत सर्व क्लासेसचा अनुभवाचा तक्ता एकच आहे आणि प्रोफिशिएन्सी बोनस (कौशल्यासाठी फाशात मिळवायचा आकडा) एकूण लेव्हलवर ठरतो. त्यामुळे पहिल्या लेव्हलवर परत जाण्याला इथे अर्थ नाही. जुन्या आणि नव्या दोन्ही क्लासच्या मुख्य गुणांत १३ ची अट पुस्तकात आहे, ती पाळा आणि एकच घरगुती नियम जोडा : नवा क्लास घेतल्यावर त्याची लेव्हल जुन्याच्या बरोबरीला येईपर्यंत जुन्या क्लासमध्ये पुढची लेव्हल घेता येणार नाही. मात्र हे मोहीम सुरू होण्यापूर्वीच सर्वांना सांगा. फायटरला दुसरा हल्ला पाचव्या लेव्हलला मिळतो आणि विझर्डला तिसऱ्या दर्जाचे मंत्रही पाचव्याच लेव्हलला. चौथ्या लेव्हलवर फायटर सोडलेल्या खेळाडूला यांपैकी काहीही एकूण नवव्या लेव्हलपर्यंत मिळणार नाही. हे त्याला चौथ्या लेव्हलवर असतानाच ठाऊक असावे.