कुर्ला गेलं की फोन कर

प्रिय मुली,

मॅडम म्हणू नकोस असं कितीदा सांगितलं, तरी काल जिन्यात ‘मॅडम, आईशी दहा दिवस बोलले नाहीये’ एवढं म्हणून तू ट्रेनसाठी पळालीस. म्हणून लिहितेय.

भांडण कशावरून, तर फोनवरून. तू लेडीज डब्यात चेंगरलेली, कुर्ल्याला आईचा फोन, ‘कुठे पोचलीस?’ भांडुपला परत तेच. मग तू भर डब्यात ओरडलीस, ‘मी काय पाच वर्षांची आहे? तुला दुसरा उद्योग नाही का?’ तेव्हापासून तिचे फोन यायचे बंद. पहिल्या वाक्यावर ती हसलीही असती गं. दुसरं लागलं.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. खोली १६० चौरस फुटांची, माणसं सहा. तेवढ्यात मी आणि ताई सात महिने अबोला धरून होतो. माझी कोरी साडी न विचारता नेसून ती मैत्रिणीच्या हळदीला गेली आणि मी चार बिऱ्हाडांसमोर तिला चोर म्हटलं. मग सगळं आईमार्फत. ‘आई, तिला सांग दिवा घालवायला.’ तिची उशी माझ्या उशीला टेकलेली! आई बिचारी निरोप जसाच्या तसा पोचवायची.

पाणी पहाटे साडेचारला यायचं. भरायची पाळी एक दिवस तिची, एक दिवस माझी. माझी परीक्षा सुरू झाली, आणि माझ्या पाळीला उठून बघते तर पिंप भरलेलं, कळशी भरलेली, तोंडाला फडकंही बांधलेलं. मला काय वाटलं असेल? मोठेपणा दाखवतेय. तिने हात पुढे केलाय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानंतरही चार महिने अबोला तसाच. शेवटी एका रात्री भिंतीवरची पाल ताईच्या अंगावर पडली, ताई किंचाळून मला बिलगली आणि दोघी हसत सुटलो. साडीचा विषय परत निघाला नाही. ताई आजही माझ्या वस्तू न विचारता नेते आणि मी आजही चिडते.

जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवरा-बायकोंची भांडणं वर्षानुवर्षं टिपून ठेवली. त्यातली ६९ टक्के कधी सुटतच नाहीत, असं त्याला आढळलं. टिकणारी जोडपीही तीच तीच भांडणं भांडतात. फरक एवढाच, की एकाने सांधायचा वेडावाकडा प्रयत्न केला तर दुसऱ्याला तो ओळखू येतो. अभ्यास जोडप्यांचा असला तरी आई-लेकीला लावायला माझी हरकत नाही. तेव्हा फोनचं भांडण मिटेल या आशेवर राहू नकोस. ती करत राहणार, तू वैतागत राहणार.

पण परवा जेवताना मी तुझा डबा पाहिला. लोणचं वेगळ्या डबीत होतं. पोळी ओली होते म्हणून तू मागे कुरकुरली होतीस, आठवतं? अबोला धरलेली बाई सकाळी सहाला ती इवलीशी डबी शोधून तिचं झाकण घट्ट लावते. तू ती उघडलीस, लोणचं खाल्लंस आणि मला म्हणालीस, ‘ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही.’

(हे सगळं धड घरांसाठी. जिथे हात उचलला जातो, तिथे सांधत बसायचं नाही, बाहेर पडायचं.)

व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक माफीनामा लिहू नकोस, ती तो चष्मा लावून तीनदा वाचेल आणि चौथ्या ओळीत काहीतरी नवीन सापडेल. ‘मला माफ कर’ही नको, नाटकातलं वाटतं. आपल्याकडे ‘चुकलं माझं’ म्हणतात. त्यापुढे ‘पण’ जोडलास तर न म्हटलेलं बरं. आणि आतून फणफणत असशील तर थोडी थांब. गॉटमनच्याच म्हणण्याप्रमाणे भडकलेलं अंग निवळायला निदान २० मिनिटं लागतात. दादरहून स्लो धरलीस तर विक्रोळीपर्यंत तेवढी होतातच.

राग नसेल तर आज कुर्ला गेलं की तूच फोन लाव. ‘कुर्ला गेलं’ एवढंच सांग. ती म्हणेल, ‘मग मी काय करू?’ तेव्हा विचार, मुलुंडला उतरून कोथिंबीर आणायची का. घरात असली तरी ती हो म्हणेल.

तुझी,
मावशी (मॅडम नव्हे)