समुद्रदेवाला हात का जोडले

प्रिय चिऊ,

रविवारी इथल्या, उत्तर आयर्लंडमधल्या गोर्टमोरहून, त्या समुद्रदेवाला बघून परतताना गाडीत तू विचारलंस, "आई, तो आपला देव नाही, मग तू हात का जोडलेस?" मी "सवय आहे गं" म्हणून मोकळी झाले. उत्तर तुला पटलेलं नाही हे आरशात दिसत होतं. मलाही पटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय, कुठे अडलीस तर विचार.

तू त्याला 'मूर्ती' म्हणालीस. मराठीत खरं तर तो पुतळा. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, मग तिला रोज आंघोळ, फुलं, नैवेद्य. पुतळा चौकात उभा राहतो. जयंतीला हार मिळतो, बाकी वर्षभर कबुतरं. मनानान मॅक लिर, म्हणजे लिरचा मुलगा मनानान, हा जुन्या आयरिश गोष्टींतला समुद्राचा देव. पण बिनेव्हनाच्या डोंगरावर तो उभा आहे तो स्थानिक कौन्सिलने पर्यटकांसाठी उभा केला म्हणून. जॉन सटन नावाच्या शिल्पकाराने तो घडवला. पूजा नाही, पुजारी नाही. तरीही होडीच्या नाळेवर हात पसरून उभा असलेला तो माणूस, खाली लॉख फॉइलची खाडी, पलीकडे डोनेगॉलचे डोंगर आणि तुझी टोपी उडवणारा तो वारा! माझे हात आपोआप जुळले.

आपोआप म्हणजे कसे, ते सांगते. मी तुझ्याएवढी असताना आम्ही एसटीने मुंबईहून पुण्याला जायचो. बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ लागायचं. शिंगरोबा हा धनगर. घाटातली वाट इंग्रजांना त्याने दाखवली, अशी गोष्ट सांगतात. चढणीला गाडी हळू व्हायची, देऊळ यायच्या आधीच माझी आजी कमरेची पिशवी सोडून नाणं काढून ठेवायची आणि खिडकीतून बरोबर देवळाच्या दिशेने टाकायची. तेवढ्यात दुसरा हात कपाळाला. आमचा खंडोबा जेजुरीचा, शिंगरोबाशी आमचं घेणं ना देणं. मी विचारलंच होतं तिला, तुझ्यासारखंच. ती म्हणाली, "घाट त्याचा आहे ना!" आणि पिशवीची नाडी आवळली.

बस, एवढंच. ज्याच्या हद्दीतून जायचं त्याला सांगून जायचं. दुसऱ्याच्या अंगणातून जाताना आपण "येऊ का हो?" म्हणतो, तसं. म्हणून गावाच्या वेशीवर मारुती असतो, शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड असतो. दगड कुणाचा, हे फार खोलात कुणी विचारत नाही. कोकणात तर प्रत्येक जागेला राखणदार आहे. तिथलं गाऱ्हाणं तू ऐकलंयस, सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात ना, ते.

आणि समुद्राला हात जोडणं आपल्याला नवं थोडंच आहे? नारळी पौर्णिमेला कोळी लोक दर्याला नारळ अर्पण करतात, मग होड्या पुन्हा मासेमारीला निघतात. गंमत बघ, आइल ऑफ मॅन बेटावर, जिथे मनानानला बेटाचा पहिला राजा मानतात, लोक त्याला ऐन उन्हाळ्यात लव्हाळ्यांच्या पेंढ्या द्यायचे. खंड म्हणून! बेट त्याचं, आपण कुळं. ही गोष्ट मी आजीला सांगितली असती तर तिला एका वाक्यात कळली असती.

आता त्या चोरीबद्दल. तू बाबाला विचारत होतीस, मी ऐकलं. २०१५ च्या जानेवारीत कुणीतरी हा पुतळा पायातून कापून नेला आणि जागेवर लाकडी क्रॉस ठेवला. त्यावर बायबलमधली आज्ञा होती: माझ्यासमोर तुला दुसरे देव नसावेत. महिनाभराने पुतळा डोंगरावरच मोडलेला सापडला. २०१६ मध्ये नवा बसवला, तू पाहिलास तो हाच. आपल्याकडे असं काही होत नाही, असं मात्र समजू नकोस. आपल्याकडे पुतळ्याला काळं फासतात, त्यावरून गाव बंद होतं, बस पेटते. मला राग आला तो चोरीचा. पण त्या माणसालाही तो नुसता पुतळा वाटला नसणार, नाहीतर एवढ्या थंडीत करवत घेऊन कोण चढेल?

तुला हात जोडायचे नसतील तर जोडू नकोस. त्याच्यासारखे हात पसरून तू फोटो काढलास, तेही मला चाललं.

रात्री तुझ्या आजीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "कुठला देव गं हा?" म्हटलं, समुद्राचा. "मग नारळ नाही दिलास?" आज दुकानात बघितले. दोनच होते आणि दोन्ही पार तासलेले, शेंडी नसलेले. बिनशेंडीचा नारळ दर्याला चालतो का, हे तूच तिला विचारून घे. मी विचारलं तर तासभर ऐकावं लागेल.

तुझी,
आई